ताटातलं पाणी

आमचं मालक डेनमार्कला जाऊन आलं आन् येताना किळस घिऊन आलं. दुसरं काय आणलं न्हाई. म्हंजे एक रबराची गाय आणली, दाबली की हंबरती, तेवढीच. बाकी निस्ती किळस.

शहात्तर सालची गोष्ट. तालुक्याच्या दूध संघानं चार जण धाडलं हुतं, तिकडच्या गाया आन् गोठं बघायला. आमचं हंबीरराव संघाचं संचालक, मग त्येंचा नंबर लागला. जाताना गावानं हार घातलं, आल्यावर बी घातलं, आन् तवापास्नं रोज सांजचं आमच्या कट्ट्यावर गडीमाणसांची बैठक. कुणी इचारलं, "आबा, गाया कशा हैत?" तर गायांचं एक वाक्य सांगायचं आन् मग माणसांच्या घाणीवर घसरायचं.

"आरं, सकाळी परसाकडं गेल्यावर पाणी न्हाई. कागद! भितीला गुंडाळी आस्ती. फाडायचा, पुसायचं, आन् त्येच हातानं येऊन पाव खायाचा."

"थुत्!" समदी थुकायची. थुकायची ती आमच्याच दारात, तंबाखूची पिंक. सकाळी ती पिंक कोण खरडणार? मी.

"नाक शिंकरत्यात ते रुमालात. आन् शेंबूड टाकत न्हाईत बरं का! घडी घालून खिशात ठिवत्यात, देवाचा अंगारा ठिवल्यागत."

"आगायायाया!"

"न्हाण्याचं तर इचारूच नगा. आपल्या म्हशीला पाणी पाजायची डोण आस्ती न्हवं, तसली लांबडी डोण. त्यात बसायचं आन् आपल्याच मळात लोळायचं. मासा खात्यात ते कच्चा, कांदा टाकून. आन् कुत्रं! कुत्रं कोचावर बसतंय. जेवण झालं की घरमालकीण ताट खाली धरती, कुत्रं चाटतंय लपालपा. मग तीच ताटं धुऊन परत टेबलावर. गड्या, कुत्र्याच्या उष्ट्यात माणसं जेवत्यात! मला तर पयल्या दिशी पोटात कालवलं."

मी आत चुलीपुढं बसून ऐकायची. खोटं कशाला बोलू, मला बी शिसारी यायची. कच्च्या माशाचं ऐकलं त्या दिशी तर माझी भाकरी तव्यातच करपली. वाटायचं, बरं झालं आपण हितं जल्माला आलो. गरिबी असंल, पर सोवळं हाय.

ह्याच वक्ताला आमची शालू सासरास्नं माघारी आल्याली. गावाला सांगितलं, चार दिस माहेरपणाला आलीया. पर ती आली न्हवती, तिला लावून दिली हुती.

शालूला दिली ती विट्याकडं. जावई कृष्णात कानपूरला गलाईच्या दुकानात असतो, सोनं गाळून शुद्ध करायचं काम. लगीन झालं तवा समद्या पंगती पत्रावळीवरच झाल्या, आन् पाव्हणं उठायच्या आदी तो कानपूरला गेला. परत आला तो दिवाळीला. त्या दिशी घरात मटण. गडीमाणसं जेवून उठली आन् सासूनं शालूला हाक मारली, "ये, नवऱ्याच्या ताटात बस."

ती मला सांगत हुती तवाबी तिच्या अंगावर काटा येत हुता. "आई, त्येंनी ताटातच हात धुतलं. चूळ भरली ती बी ताटातच टाकली. वर तेलाचा तवंग, खाली चघळल्याली हाडकं, आन् दातातनं निघाल्यालं तंबाखूचं पान. आत्याबाईंनी ते पाणी मोरीत ओतलं आन् न धुता त्यातच भात वाढला. म्हणल्या, नवऱ्याचं उष्टं म्हंजे परसाद. मी घास त्वांडात घातला आन् भडाभडा वकले. समद्यांच्या म्होरं."

झालं! तिचा सासरा लालासाहेब म्हंजे भावकीतला मोठा माणूस. त्येच्या नाकाला मिरची झोंबली. "आमच्या पोराची किळस येती व्हय हिला? ही कोण लागून गेली?" दुसऱ्या दिशी पोरगी आमच्या दारात. संगं निरोप: "येत्या ऐतवारी आमी कृष्णातला घिऊन जेवायला येतो. तुमच्या घरात, तुमच्या म्होरं, पोरगी नवऱ्याच्या ताटात जेवली तर घिऊन जाऊ. न्हाईतर ठिवा तुमच्यापाशी, दुसरी बघू."

मालकांनी निरोप ऐकला आन् शालूवरच उसळलं. "मला गावात त्वांड दावायला जागा ठिवली न्हाईस. काय नाजूक लागून गेलीयास? ऐतवारी गप बसायचं आन् खायाचं. दोन घासांनी मरत न्हाईस."

मी काय क्येलं म्हणता? मी बी तिलाच समजावलं. "पोरी, घरोघरी मातीच्या चुली. मी न्हाई खाल्लं का? तुझी आज्जी न्हाई खात हुती का?"

शालूनं माझ्याकडं टक लावून बघितलं. "आई, खरं सांग. तुला कवाच किळस आली न्हाई?"

आता काय सांगू तिला? नवी हुते तवा मी घास चावतच न्हवते, तसाच गिळायची. एकदा सासूनं बघितलं. मला वाटलं, आता धपाटा बसतुया. तर ती कानापाशी येऊन म्हणली, "श्वास धरून घास घ्यायचा. मग वास येत न्हाई." म्हंजे तिला बी येत हुती की वं! तिनं बी जल्मभर श्वास धरून खाल्लं. ही युक्ती माझ्या जिभेवर आल्याली, पर लेकीला शिकवायला धीर झाला न्हाई. मी म्हणलं, "न्हाई बाई. सवय हुती." आन् उठून गोठ्यात गेले.

शनवारी सांजचं बैठक भरली. त्या दिशी आकाराम आला, मालकांच्या संगं डेनमार्कला गेल्याल्या चौघांतला. लय टवाळ माणूस. कुत्र्याची गोष्ट परत रंगात आली तवा तो मधीच म्हणला, "आबा, समदं सांगितलंसा, पर त्या ताटाची गंमत सांगितली का न्हाई?"

"कसली गंमत? गप की रं," मालक म्हणलं.

"गप कशानं? ऐका गड्यांनो. पयल्याच दिशी एका शेतकऱ्याच्या घरी जेवण. टेबलावर पांढरं फडकं, घरमालक, त्येची बायकू, दोन पोरी. आबांनी जेवण उरकलं, गिलास उचलला आन् ताटातच हात धुतलं. खळाखळा चूळ भरली आन् ती बी ताटात! ती बाई आशी पांढरी पडली! त्वांडाला फडकं लावून उठली ती थेट मोरीकडं पळाली. वकायचा आवाज टेबलापातूर. पोरी रडायला लागल्या."

कट्ट्यावर हसून हसून लोळायची पाळी. मालक बी हसलं, पर ओढून ताणून. "नाजूक जात हाय रं ती. कुत्र्याचं चालतं आन् माणसाचं चालत न्हाई."

"पर आबा, तुमी हात जोडून सॉरी सॉरी म्हणलासा की! आन् दुसऱ्या दिसापास्नं जेवण झालं की सोता ताट घिऊन मोरीवर. ताट इसळून ठिवायचं बी. ती बाई लय खूश झाल्ती जाताना."

माझ्या हातातला पिठाचा गोळा हातातच ऱ्हायला.

सात समुंदरापल्याडची बाई. कच्चा मासा खाणारी, कुत्र्याला कोचावर बसवणारी, कागदानं पुसणारी. तिला बी तेच पाणी बघून उमासा आला. मला इतकी वरसं वाटायचं, माझंच कायतरी चुकतंय, माझ्याच पोटात पाप हाय, म्हणून नवऱ्याची शिसारी येती. आन् माझा नवरा त्या परक्या बाईची एकदा माफी मागून दुसऱ्या दिशी सुदारला, आन् विमानातनं उतरून घरात पाय ठिवला त्या सांजेला माझ्या म्होरं ताटातच चूळ टाकली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आपलं ठेवायचं झाकून आन् दुसऱ्याचं बघायचं वाकून!

ऐतवारची सकाळ. पाव्हणं दुपारी यायची हुती. मालक न्ह्यारीला आलं तर मी त्येंच्या पाटावर त्येंच्या ताटात जेवत बसल्याली. त्येंनी बघितलं आन् तितंच थबकलं. बायकू नवऱ्याच्या आदी जेवती, असलं आमच्या घरात कवा घडलंच न्हवतं. भाकरी-पिठलं खाल्लं, तांब्या उचलला आन् ताटात हात धुतलं. चूळ भरली. खळखळ क्येलं आन् ताटात टाकली. मग पाणी मोरीत ओतलं, त्याच ताटात गरम भाकरी ठिवली, पिठलं वाढलं आन् म्हणलं, "बसा. जेवा."

"ह्यात? तुझ्या उष्ट्यात?"

"व्हय. पाणी ओतलंय की. आता काय ऱ्हायलंय त्यात?"

"डोस्कं फिरलं का काय तुझं? शी शी शी! धुऊन आण आदी ते."

"का वं? किळस आली?"

"मग न्हाई येणार? माझ्या देखत चूळ थुकलीस त्यात!"

"आवं, मी काय डेनमार्कचं कुत्रं हाय का? लगनाची बायकू हाय तुमची. एकमेकांचं उष्टं म्हंजे परसाद न्हवं?"

"गड्याचं आन् बाईचं सारकं असतंय का?"

"त्वांड तर सारकंच हाय. तंबाखू तेवढी तुमी जास्त खाताय."

त्येंनी हात उगारला. मी हालले न्हाई. म्हणलं, "मारायचं तर मारा, पर आदी ऐका. त्या गोऱ्या बाईला उमासा आला तर तुमी हात जोडलंसा. दुसऱ्या दिशी सवय मोडलीसा. तुमच्या पोटच्या पोरीला उमासा आला तर तिला म्हणताय दोन घासांनी मरत न्हाईस! तुमाला दोन घास जात न्हाईत, मग तिला कशाला कोंबताय? त्या बाईचं वकणं खरं आन् शालूचं नाटक? आन् मी..."

फुडं माझं त्वांडच उघडंना. मला सांगायचं हुतं की मी बी श्वास धरूनच खात आले. पर ते आतनं वर आलंच न्हाई. मालकांचं ध्यान तिकडं न्हवतंच. ते ताटाकडं बघत हुतं. मग पायानं पाट सारला आन् उपाशीच भायेर गेलं.

दुपारी पाव्हणं आलं. लालासाहेब म्हंजे डोक्याला गुलाबी पटका, मिशीला पीळ. म्हागं कृष्णात, मान खाली घालून. पोरगा वाईट न्हाई, पर बापाम्होरं त्येची जीभ टाळूला चिकटल्याली. मटण शिजल्यालं, तिघांची ताटं मांडली. शालू माजघराच्या दाराआड उभी. तिचा हात माझ्या हातात हुता.

लालासाहेबांनी दाबून खाल्लं. मालक सकाळपास्नं उपाशी, तरी त्येंचा घास सावकाश चालल्याला. कृष्णातचं आदी उरकलं. त्येनं तांब्या उचलला.

"जावईबापू, थांबा," मालक म्हणलं. पर तवर पाण्याची धार ताटात पडल्याली. रस्सा, हाडकं, लिंबाची फोड, समदं तरंगायला लागलं. "हात भायेर धुवा. पायरीवर बादली हाय. तिकडं डेनमार्कला तसंच करत्यात."

लालासाहेब खोऽखो हसलं. "आवं हंबीरराव, त्या लोकांस्नी तुमी रोज शिव्या घालताय असं आमी विट्यापातूर ऐकतोय!"

"घालतोच की. कागदाला घालतो, शेंबडाला घालतो. पर हात ती लोकं भायेर धुत्यात, ते मी डोळ्यानं बघितलं."

"धू दे कुटं बी. आमाला त्याचं काय न्हाई. ताट हाय न्हवं? बोलवा पोरीला. ठरल्यालं हाय आपलं."

शालूनं माझा हात सोडला. पदर सावरून ती भायेर गेली. आता ही खाणार, मला कळलं. श्वास धरायचं कुणी न सांगता बी तिनं छाती भरून घेतल्याली.

तवा आमचं मालक उठलं. गड्यानं पंगतीतलं उष्टं ताट उचलल्यालं मी माझ्या जल्मात बघितलं न्हवतं. त्येंनी कृष्णातचं ताट दोन्ही हातानं उचललं, पाणी न ओतता, आन् लालासाहेबांच्या म्होरं ठिवलं.

"पाव्हणं, तुमच्याच पोराचं उष्टं. तुमच्या रगताचं. ल्हानाचा मोठा तुमी क्येलाय. पाणी ओतून दोन घास तुमी ह्यात घ्या. तुमी घेटलं की माझी पोरगी घील, मी सोता बसवतो तिला."

लालासाहेबांनी ताटात बघितलं. त्या पाण्यात एक चोखल्यालं नळीचं हाडूक गिरकी घेत हुतं. त्येंच्या त्वांडातनं आपसूक निघालं, "शी!"

लालासाहेबांनी पटका काढला, परत घातला. मग कृष्णात बापाला म्हणला, खाली बघूनच. "बाबा, कानपूरला मी माझं ताट मीच धुतो. तितं कोण हाय दुसरं?" आन् तो बापाम्होरनं ताट उचलून मोरीकडं गेला. तो ताट घासतानाचा आवाज माजघरात ऐकू येत हुता आन् लालासाहेब भितीवरच्या कॅलिंडरातल्या तारखांकडं बघत बसलं हुतं.

पान खाता खाता त्येंनी एवढंच म्हणलं, "आवर पोरी, चारची गाडी हाय." परसादाचं नाव काढलं न्हाई. शालूच्या ट्रंकेत मी एक कोरं ताट घातलं, लुगड्याच्या घडीत गुंडाळून. एस.टी.त बसताना ती हसत बी हुती आन् रडत बी हुती. पोरगी त्या उष्ट्या ताटातनं सुटली, मला दुसरं काय नगं हुतं.

सांजचं कट्ट्यावर मालकांची छाती ही एवढी फुगल्याली. "माणसानं जग बघावं रं! जग बघितलं म्हणून मला ते सुचलं. असं ताट ठिवलं पाव्हण्याच्या म्होरं, बोलतीच बंद! लेक म्हंजे काय वाऱ्यावर टाकायची चीज हाय?" गडीमाणसं मान डोलावत हुती. मी आत ऐकत हुते. म्हणलं, घ्या, मानपान तुमीच घ्या. माझी लेक नांदती हाय, माझं काम झालं. खरं सांगते, त्या दिशी मला त्येंचं कौतिक बी वाटलं. मी राहिल्यालं मटण गरम क्येलं, त्येंना आवडती तशी वरची तर्री वाढली.

त्येंनी पोटभर खाल्लं. ढेकर दिला. म्हणलं, "बने, रस्सा आज झ्याक झालाय." मग तांब्या उचलला, ताटात हात धुतलं, खळाखळा चूळ भरली, ताटात टाकली, आन् रोजच्यागत ताट माझ्याकडं सरकवून मिशा पुसत उठलं.

मी त्या पाण्याकडं बघत ऱ्हायले. सकाळी माझं अर्धं ऱ्हायल्यालं बोलणं त्येंनी ऐकलंच न्हवतं. लेक झाली, गोरी बाई झाली, पर मला बी किळस येत असंल हे त्येंच्या डोक्यात शिरलंच न्हाई. 

मग उठले. फळीवरचं दुसरं ताट काढलं, त्यात वाढून घेटलं आन् दाराच्या उजेडात बसून जेवले. पयल्यांदाच घास चावून चावून खाल्ला. मालक उंबऱ्यात उभं ऱ्हाऊन बघत हुतं. "आन् हे?" त्येंनी ताटाकडं बोट क्येलं. मी म्हणलं, "ते तुमचं हाय."

ताट तितंच पडून ऱ्हायलं. सकाळी त्यात माशा बसल्या. मालक त्येला वलांडून न्ह्यारीला बसलं, वलांडून दुपारी जेवलं. मी बी ते उचललं न्हाई. रस्सा आंबला, सोप्यापातूर वास सुटला. बैठक भरायच्या आदी आकाराम नाक दाबून म्हणला, "आबा, काय मेलंय का घरात?"

त्या दिशी बैठक लवकर उठली. मालकांनी ताट उचललं आन् मोरीत गेलं. राखंनं घासल्याचा आवाज येत हुता. कुणी बघू ने म्हणून त्येंनी दार आतनं लावून घेटलं हुतं.